प्रश्न वाचकांचे : दूधसागर धबधबा आणि मोलेचे राष्ट्रीय उद्यान

गोव्याच्या घाटातील जंगलांवर या सदरात लिहिल्यापासून दूधसागराविषयी विचारणा करणारी पत्रे सातत्याने येत आहेत. काहींना तिथे कसे जावे हे हवे आहे, काहींना रेल्वेचा इतिहास, तर काहींना त्या रानाचे पुढे काय होणार याची काळजी आहे. एकाच विषयावरील हे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

मिरजेहून एक वाचक : गोवा एक्स्प्रेसमधून दूधसागर अनेकदा पाहिला आहे. तो गोव्यात येतो की कर्नाटकात, यावर डब्यात दर वेळी वाद होतो. उंचीचे आकडेही कुठे तीनशे मीटर, तर कुठे सहाशे मीटर असे वाचायला मिळतात. नक्की काय मानावे?

उत्तर : धबधबा गोव्यात आहे, कर्नाटकची हद्द मात्र त्याच्या अगदी माथ्याजवळ आहे. डब्यात वाद होतो याचे कारणही तेच असावे. आपली गाडी लोंढ्याहून तिनईघाट आणि कॅसल रॉक ही कर्नाटकातील स्थानके मागे टाकून करंझोळच्या बाजूने गोव्यात उतरते, आणि हद्द ओलांडल्याची कोणतीही ठळक खूण खिडकीतून दिसत नाही. पाणीदेखील घाटमाथ्यावरून, म्हणजे बऱ्याच अंशी कर्नाटकातील रानातून, गोळा होऊन येते. तेव्हा कडा गोव्याचा आणि पाणी दोघांचे, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीला धरून होईल.

उंची सुमारे ३१० मीटर आहे. सहाशे मीटरचा आकडा जुन्या याद्यांतून पुढे चालत आला आहे आणि तो ग्राह्य धरू नये. हे पाणी एका झेपेत पडत नाही, तर चार टप्प्यांत उतरते. शरावतीवरील जोग धबधब्याची उंची २५३ मीटर आहे, पण तिथे पाणी कड्याला न टेकता थेट खाली कोसळते. दूधसागराचे पाणी खडकाला घासत, पसरत, पुन्हा एकवटत येते. आपण गाडीतून जो भाग समोर पाहता तो मुख्यतः पुलाच्या वरचा. पुलाच्या कमानींखालून निघून पाणी आणखी खाली उतरते आणि पायथ्याच्या डोहात जमा होते. म्हणून ज्यांनी तो फक्त गाडीतून पाहिला आणि ज्यांनी फक्त डोहाजवळून पाहिला, त्यांची वर्णने एकमेकांशी पुरती जुळत नाहीत.

तिथून पुढचा प्रवासही सांगायला हवा, कारण वर्णन करणारे बहुतेक जण डोहापाशीच थांबतात. दूधसागर नदी कुळे गावाजवळून वाहत जाते, पुढे खांडेपार नदीला पाणी देते आणि खांडेपार मांडवीला मिळते. या खांडेपार नदीवर ओपा येथे जलशुद्धीकरण प्रकल्प आहे, आणि फोंडा व तिसवाडी तालुक्यांना, म्हणजे पणजी शहरालाही, तिथून पिण्याचे पाणी जाते. राजधानीतील घराघरांत पोचणाऱ्या पाण्यात या धबधब्याचा वाटा आहे.

साताऱ्याहून एक विद्यार्थिनी : आमच्याकडचे धबधबेही पावसाळ्यात पांढरे दिसतात, पण दूधसागराइतके नाही. त्या खडकात चुन्यासारखे काही असते का?

उत्तर : नाही, पाण्यात पांढरे काहीही मिसळलेले नसते. खडकाच्या पायऱ्यांवर आपटून पाण्याचे बारीक थेंब आणि हवेचे असंख्य बुडबुडे तयार होतात. त्यांच्यावर पडलेला उजेड सर्व दिशांना सारखा विखुरतो आणि एकही रंग वेगळा उठून दिसत नाही, म्हणून सगळे पांढरे दिसते. पाणी जितके जास्त वेळा फुटेल तितका हा परिणाम दाट होतो, आणि इथे तर ते वरपासून खालपर्यंत फुटतच येते.

खडकाविषयी मात्र आपला तर्क योग्य दिशेने चालला आहे. साताऱ्याचे डोंगर दख्खनच्या लाव्हाचे, म्हणजे काळ्या बेसॉल्टचे आहेत आणि त्यांचे वय साधारण साडेसहा कोटी वर्षे आहे. दूधसागराच्या परिसरातील खडक त्याहून कितीतरी जुना आहे. गोव्याच्या भूशास्त्रात ‘दूधसागर ग्रॅनाइट’ या नावानेच ओळखला जाणारा हा खडक सुमारे अडीच अब्ज वर्षांचा मानतात. सह्याद्री म्हटले की आपल्याला थरांचे, पायऱ्यापायऱ्यांचे काळे कडे आठवतात. गोव्यात उतरताना तो थरांचा सह्याद्री मागे पडतो आणि त्याच्या तळाशी असलेली, पृथ्वीच्या फार जुन्या काळातील जमीन उघडी होते.

पण पांढरेपणाचे दुसरे, माझ्या मते अधिक महत्त्वाचे कारण धबधब्यात नाही, त्याच्या वरच्या रानात आहे. गोव्याच्या खाणपट्ट्यातील ओढे पावसाळ्यात पाहिले असतील तर तांबडी माती घेऊन वाहणारे पाणी कसे दिसते हे आपल्याला ठाऊक असेल. पाऊस तोच, उतारही कमीच. फरक आहे तो जमिनीवरच्या झाडोऱ्याचा. दूधसागराच्या पाणलोटात घाटमाथ्यावरचे दाट जंगल आहे. तिथे पावसाचा मारा आधी पानांवर, मग पालापाचोळ्यावर पडतो, मुळे माती धरून ठेवतात, आणि पाणी झिरपत ओढ्यांपर्यंत येते. ऐन जुलैतील धो धो पावसात पाण्याला गढूळपणा येतोच, तरी ते लवकर निवळते. पावसाळा संपल्यावर कितीतरी महिने धबधबा वाहत राहतो तोही याच झिरपणीमुळे. वरचे रान विरळ झाले तर हा धबधबा उंचीला तेवढाच राहील, पण पावसात तांबडा आणि उन्हाळ्यात कोरडा होईल.

दंतकथाही आपल्याला आवडेल. घाटातील एक राजकन्या स्नानानंतर सोन्याच्या सुरईतून दूध पीत असे. एकदा झाडीतून एक राजपुत्र पाहत असल्याचे लक्षात येताच तिच्या सख्यांनी सुरईतले दूध समोर ओतून तिच्यासाठी पडदा केला, आणि तो पडदा अजून ओसंडतो आहे, असे लोक सांगतात.

कोल्हापूरहून एक निवृत्त शिक्षक : इतक्या अवघड घाटात, तेही पोर्तुगिजांच्या ताब्यातील मुलखात, रेल्वे नेण्याचा खटाटोप कोणी आणि कशासाठी केला? या मार्गाचा इतिहास थोडा विस्ताराने द्यावा.

उत्तर : आनंदाने देतो, कारण दूधसागराच्या वारशाची चर्चा निसर्गापाशी थांबते आणि हा भाग नेहमी वगळला जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याची आर्थिक अवस्था हलाखीची होती. मुरगावसारखे उत्तम नैसर्गिक बंदर हाती असून त्यामागे व्यापाराचा मुलूख नव्हता. घाट ओलांडून माल यायचा तो बैलांच्या पाठीवरून आणि अवघड वाटांनी. घाटावरच्या ब्रिटिश मुलखात उलट परिस्थिती होती. कापूस, धान्य भरपूर, पण समुद्र लांब. या दोन गरजांतून १८७८ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, आणि त्यात मुरगाव बंदराचा विकास व तिथून ब्रिटिश हद्दीपर्यंत लोहमार्ग ही प्रमुख कलमे होती. १८८१ मध्ये ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’ ही कंपनी उभी राहिली. भांडवल ब्रिटिश, आणि त्यावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. १८८८ मध्ये मार्ग कॅसल रॉकपर्यंत पोचला आणि तिथे तो सदर्न मराठा रेल्वेच्या मीटरगेज जाळ्याला जोडला गेला. मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी ही शहरे अशी मुरगाव बंदराशी बांधली गेली.

या कराराची किंमत गोव्यातील सामान्य माणसाने मोजली, हेही लिहून ठेवले पाहिजे. सामायिक जकात व्यवस्थेच्या बदल्यात गोव्यातील मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. मिठागरांवर जगणाऱ्या किनाऱ्यावरील कुटुंबांना आणि घाटावर मीठ नेणाऱ्यांना त्याची झळ बसली. दारू गाळण्यावरही ब्रिटिश धर्तीची अबकारी बंधने लागू झाली आणि माडी काढणारे रेंदेर अडचणीत आले. १८९२ मध्ये करार संपुष्टात आला. रेल्वेचे उत्पन्न अपेक्षेइतके झाले नाही, हमीच्या व्याजाचा बोजा तिजोरीवर राहिला, आणि १९०२ पासून मार्ग चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेले.

घाटाचे काम मात्र कोणीही मान तुकवावी असे आहे. कॅसल रॉक ते कुळे हे सुमारे २६ किलोमीटरचे अंतर. पोर्तुगालच्या राजघराण्याच्या नावावरून याला ब्रागांझा घाट म्हणतात. चढण १:३७ आहे, म्हणजे दर ३७ मीटर अंतराला गाडी एक मीटर वर चढते. रेल्वेसाठी हा फार तीव्र चढ. कुळे स्थानकावर थोडा वेळ थांबल्यास याचा अर्थ डोळ्यांनी कळतो. घाट चढणारी मालगाडी फलाटावर येऊन उभी राहते, तिच्या शेपटीला जास्तीची इंजिने जोडली जातात, आणि पुढची इंजिने ओढू लागण्याच्या बेतात मागची ढकलू लागतात. डब्यांच्या जोडण्या एकापाठोपाठ एक ताणल्याचा खडखड असा आवाज गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो. या मागच्या इंजिनांना रेल्वेचे लोक ‘बँकर’ म्हणतात. उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक कॅसल रॉकला तपासले जातात, त्याशिवाय त्यांना घाटात सोडत नाहीत.

या मार्गाने राजकारणही पाहिले आहे. पोर्तुगीज काळात कॅसल रॉक आणि कुळे ही दोन राजवटींची जकातीची ठाणी होती; एकाच गाडीतील प्रवाशांची इकडे एक आणि तिकडे एक तपासणी होई. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी देशभरातून, आणि महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने, आलेले सत्याग्रही निरनिराळ्या ठिकाणांहून गोव्यात शिरले. त्यांतील एक तुकडी कॅसल रॉकच्या बाजूने रुळांवरून, बोगद्यातून चालत गेली आणि तिच्यावर गोळीबार झाला. त्याच वर्षी भारताने हा रेल्वे संपर्क तोडला, आणि डिसेंबर १९६१ मधील मुक्तीनंतरच गाड्या पुन्हा सुरू झाल्या. दूधसागर पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाला या बोगद्यांचा हा इतिहास ठाऊक असावा, असे मला मनापासून वाटते. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले ते नव्वदच्या दशकात.

बेळगावहून एक महाविद्यालयीन वाचक : आमचा गट पावसाळ्यात कॅसल रॉकहून रुळांवरून चालत दूधसागरला जाणार आहे. पूर्वी सगळे जात असत, मग आता का अडवतात?

उत्तर : कृपया जाऊ नका. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खालील गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षेपेक्षा कारण मोठे आहे. या घाटात बोगदे अरुंद आहेत, वळणांमुळे समोरची गाडी दिसत नाही आणि पावसाच्या व धबधब्याच्या आवाजात इंजिनाचा भोंगा ऐकू येत नाही. पुलावर बाजूला होण्यास जागा मिळत नाही. जुलै २०२३ मध्ये एका रविवारी शेकडो तरुण इथे आले, रेल्वे सुरक्षा दलाने त्यांना परत पाठवले आणि काहींना उठाबशा काढायला लावल्या, हे आपण वाचले असेल. त्या उठाबशांचीच चर्चा अधिक झाली. त्याच पावसाळ्यात गोव्यातील नेत्रावळी अभयारण्यात एका धबधब्यावर दोन जण बुडून मरण पावले होते, याची मात्र झाली नाही.

दूधसागर स्थानक हे गाड्यांच्या तांत्रिक थांब्यासाठी आहे, प्रवाशांनी उतरण्यासाठी नाही. पावसाळ्यात धबधबा पाहायचाच असेल तर गाडीच्या खिडकीतून पाहावा.

ठाण्याहून एक वाचक : दूधसागर जागतिक वारसा यादीत आहे का? तसेच ‘अभयारण्य’ आणि ‘राष्ट्रीय उद्यान’ हे दोन्ही शब्द त्याच्यासाठी वापरलेले दिसतात. योग्य कोणता?

उत्तर : युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातील कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडू येथील बाकीची आहेत. गोव्यातील एकही नाही. दूधसागर ज्यात येतो ते मोलेचे रान गुणवत्तेत यांतील कशालाही कमी नाही, आणि ते यादीत नसल्याची खंत वाटते. यादीत नसलेल्या जागेचे मोल सरकारी कागदावर नेहमी कमी धरले जाते.

दोन्ही शब्द बरोबर आहेत. १९६९ मध्ये मोले परिसर वन्यप्राण्यांसाठी राखीव झाला आणि पुढे त्याला भगवान महावीर अभयारण्य असे नाव मिळाले. एकूण क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर. त्यातील गाभ्याच्या १०७ चौरस किलोमीटरना १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला. अभयारण्यात स्थानिकांचे चराईसारखे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात संरक्षण अधिक कडक असते आणि गुरे चारण्यास मनाई असते. याच रानात पिढ्यान्‌पिढ्या धनगर-गवळी कुटुंबे म्हशी राखून राहत आली आहेत. दर्जा वाढला तशा त्यांच्या वाटा आखडत गेल्या, आणि त्यांचा प्रश्न समाधानकारक सुटलेला नाही हे मान्य केले पाहिजे.

या उद्यानाचे खरे महत्त्व नकाशावर पाहावे. उत्तरेला म्हादई अभयारण्य, दक्षिणेला नेत्रावळी आणि खोतीगाव, पूर्वेला कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्प, ईशान्येला भीमगड, आणि तिथून पुढे आपल्या सिंधुदुर्गातील तिलारी. वाघ, बिबळे, गवे यांना राज्यांच्या हद्दी ठाऊक नसतात. सह्याद्रीच्या उत्तर भागात वाघ पोचायचा तर तो याच सलग रानातून वर सरकणार. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या जंगलांना व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. जे रान वाघांनी स्वतः निवडले आहे त्याला वाघांचे रान म्हणण्यास इतकी वर्षे लागू नयेत.

फोंड्याहून एक वाचिका : रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध आमच्याकडे मोठे आंदोलन झाले. न्यायालयाने नक्की काय ठरवले? आणि म्हादईच्या पाणीवाटपाचा दूधसागरावर परिणाम होईल का?

उत्तर : आपल्या भागातील लोकांनी त्या काळात जे केले त्याबद्दल प्रथम आदर व्यक्त करतो. मोले परिसरातून जाणारे तीन प्रकल्प एकाच वेळी पुढे आले होते: तिनईघाट ते कुळे लोहमार्गाचे दुपदरीकरण, अनमोड ते मोले महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी. एप्रिल २०२० मध्ये, देश टाळेबंदीत असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची दूरस्थ बैठक झाली आणि त्या सुमारास या प्रकल्पांच्या मंजुऱ्या मार्गी लागल्या. विद्यार्थी, वैज्ञानिक, चित्रकार, वकील, गावकरी असे सगळे त्याविरुद्ध उभे राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर येथे लोकांनी रात्र रेल्वे रुळांजवळ जागून काढली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात दुपदरीकरणाची आवश्यकता पटण्याजोगी मांडलेली नाही असे मत दिले, आणि वीजवाहिनीसाठी नवा पट्टा तोडण्याऐवजी सध्याच्याच वाहिनीचा पट्टा वापरावा असे सुचवले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. सविस्तर अभ्यास करून नव्याने प्रस्ताव ठेवण्याची वाट मात्र मोकळी ठेवली. म्हणजे प्रश्न कायमचा मिटला, असे समजून चालणार नाही.

रेल्वेची बाजूही सांगतो. एकेरी मार्गावर गाड्या खोळंबतात, आणि मुरगावहून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे कोळसा नेण्यासाठी क्षमता अपुरी पडते, असे त्यांचे म्हणणे आहे. पण घाटाची १:३७ ची चढण दुसरा रूळ टाकल्याने कमी होत नाही. बँकर लागणारच, वेग मर्यादित राहणारच. त्यासाठी डोंगराची आणखी एक कापणी करायची, जिथे आधीच पावसाळ्यात दरडी कोसळून मार्ग बंद पडतो, आणि तीही ओप्याला पाणी देणाऱ्या पाणलोटात, हे मला योग्य वाटत नाही. पहिला मार्ग बांधला तेव्हा आसपास अखंड रान होते. आता उरलेल्या रानाचा हिशेब वेगळा आहे.

म्हादई म्हणजे मांडवीच; तिच्याविषयी थोडक्यात. २०१० मध्ये नेमलेल्या जलविवाद न्यायाधिकरणाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. त्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवण्यात आले, आणि निवाड्याविरुद्ध तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. चर्चा बहुतेक कळसा आणि भंडुरा नाल्यांची होते. दूधसागराच्या दृष्टीने काटला आणि पाळणा हे नाले अधिक महत्त्वाचे, कारण त्यांचे पाणी थेट या धबधब्याकडे येते. ते काळी खोऱ्यातील सुपा जलाशयाकडे वळवण्याची कर्नाटकाची जुनी योजना आहे आणि गोव्याने तिला सतत विरोध केला आहे. या दोन नाल्यांचे नाव वृत्तपत्रात आले की ती बातमी शेवटपर्यंत वाचावी.

नाशिकहून एक वाचक : दूधसागराबरोबर तांबडी सुर्ल्याचे मंदिर पाहावे असे अनेक जण सांगतात. त्यात विशेष काय आहे?

उत्तर : सिन्नरचे गोंदेश्वर आपल्या जवळचे, म्हणून आकाराची अपेक्षा ठेवून जाल तर हे मंदिर लहान वाटेल. पण गोव्यातील कदंबकालीन मंदिरांपैकी मूळ रूपात टिकलेले हेच एक मोठे उदाहरण आहे, बाराव्या-तेराव्या शतकातील. अनमोड घाटाच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठी, दाट झाडीत ते आहे. गोव्यातील बहुतेक जुनी देवळे पोर्तुगीज काळात पाडली गेली किंवा देव अन्यत्र हलवावे लागले. हे वाचले त्यात त्याच्या दुर्गमतेचा वाटा मोठा, असे मानले जाते. या रानाने एक देऊळ राखले.

आसपासचा खडक आणि मंदिराचा काळा बेसॉल्ट यांत फरक आहे. हा दगड घाटावरून आणला असावा, असे अभ्यासक मानतात. पूर्वाभिमुख गाभारा, अंतराळ (गाभारा आणि मंडप यांना जोडणारी लहान जागा) आणि मंडप अशी रचना. मंडपाच्या मधोमध चार खांबांत नंदी आहे, त्याचे शिर भग्न झालेले आहे. एका खांबाच्या तळाशी घोड्याला पायदळी तुडवणारा हत्ती कोरला आहे. तो पाहण्यासाठी वाकावे लागते, आणि घाईत आलेले लोक नेमका तोच चुकवतात. नंतर मान वर करून छतातील दगडी कमळ पाहावे. शिखर अपूर्ण राहिलेले दिसते. गाभाऱ्यात महादेवाची नित्य पूजा होते, महाशिवरात्रीला पंचक्रोशी लोटते, तेव्हा पादत्राणे बाहेर ठेवून आणि आवाज आवरून आत जावे.

इंदूरहून एक वाचक : डिसेंबरमध्ये वृद्ध आईसह गोव्याला येणार आहोत. तिला दूधसागर दाखवणे शक्य होईल का?

उत्तर : डिसेंबर चांगला महिना आहे. पावसाळ्यात नदीला पूर असल्याने वाहनांना रानात सोडत नाहीत. साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत कुळे येथून परवानाधारक जीपने जाता येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी भरपूर, डिसेंबरमध्ये बेताचे पण पुरेसे, आणि मार्चनंतर धारा बारीक होत जातात. खासगी गाडी पुढे नेता येत नाही.

आईसाहेबांच्या दृष्टीने दोन अडचणी आहेत. कुळे ते धबधबा हे दहा-बारा किलोमीटरचे अंतर कच्च्या रस्त्याचे आहे, जीप वाटेत नदीचे प्रवाह ओलांडते आणि हादरे चांगलेच बसतात. पाठीचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर टाळावे. शेवटचा टप्पा पायी आहे, आणि तो मोठमोठ्या, ओल्या, गुळगुळीत दगडांवरून जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये अवचित आलेल्या पावसाने इथला लोंबता पूल कोसळला आणि चाळीसहून अधिक पर्यटकांना सोडवावे लागले होते, तेव्हा हवामानाचा अंदाज पाहूनच निघावे. गुडघे साथ देत नसतील तर मडगावहून घाट चढणाऱ्या गाडीने दिवसाउजेडी लोंढ्यापर्यंत प्रवास करावा. दारात उभे न राहता, बसल्या जागेवरून, धबधबा दिसतो. तांबडी सुर्ल्याला मात्र मंदिराच्या जवळपर्यंत गाडी जाते आणि पुढची वाट सोपी आहे, तिथे त्यांना जरूर न्यावे.

जीपने गेलात तर सकाळी लवकर कुळ्याला पोचावे, कारण दिवसभरात सोडायच्या गाड्यांची संख्या मर्यादित असते आणि सुट्ट्यांमध्ये रांग मोठी लागते. लाइफ जॅकेट दिले जाते, ते पाण्यात उतरायचे नसले तरी घालून ठेवावे. डोहात खडक बुडालेले असतात आणि खोली एकदम वाढते, म्हणून आखलेल्या भागाबाहेर कोणीही जाऊ नये. खाण्याच्या पिशव्या हातात धरून चालू नये; तिथली माकडे त्या हिसकावतात, आणि पर्यटकांनी टाकलेल्या वेफर्सच्या पाकिटांमुळेच त्यांना ही सवय लागली आहे. शेकरू पाहायचे असेल तर जीपमध्ये बोलणे कमी ठेवून उंच झाडांच्या शेंड्यांकडे लक्ष ठेवावे, काटक्यापानांची त्याची घरटी फांद्यांच्या टोकांना दिसतात. धबधब्याजवळ थांबण्याची वेळ ठरलेली असते आणि आणणाऱ्या जीपनेच परतायचे असते, तेव्हा उतरतानाच तिचा क्रमांक लिहून घ्यावा.